परदेशी रेसिडेन्सी : निवडीआधी करायचा हिशेब

आंतरराष्ट्रीय आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणजे कलावंताला परक्या देशात ठरावीक मुदतीसाठी मिळणारी राहण्याची आणि काम करण्याची जागा. मुदत काही आठवड्यांची असते, तशी दोन वर्षांचीही असते. जागेसोबत काय मिळते आणि ते कोणाच्या पैशातून मिळते, यात मात्र संस्थेगणिक फार फरक पडतो. भारतातून अर्ज करणारे अनेक कलावंत अडचणीत येतात ते याच ठिकाणी. निवडीचे पत्र आले म्हणजे खर्चाची सोय झाली, असे गृहीत धरले जाते. प्रवास, विमा आणि रोजचा खर्च कलावंताने करायचा आहे, हे वाक्य पत्रात कुठेतरी असतेच. ते लक्षात येते तेव्हा होकार कळवायला थोडेच दिवस उरलेले असतात. निवड आणि निधी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दुसरीचा शोध पहिलीच्या आधी सुरू करावा लागतो.

काही संस्था राहण्या-जेवणाचे आणि स्टुडिओचे पैसे घेत नाहीत. न्यू हॅम्पशायरमधील मॅकडॉवेल ही १९०७ साली सुरू झालेली संस्था किंवा न्यूयॉर्क राज्यात सॅराटोगा स्प्रिंग्ज इथली याडो या गटात येतात. इथे उत्तम एकांत आणि जेवण मिळते, पण मायदेशी चालू असलेला खर्च त्यातून भागत नाही. अ‍ॅमस्टरडॅमची राइक्सअकादमी किंवा श्टुटगार्टची अकादमी श्लोस सॉलिट्यूड या संस्था स्टुडिओबरोबर विद्यावेतनही देतात. साहजिकच तिथली स्पर्धा जीवघेणी असते. पॅरिसमध्ये सीन नदीकाठी १९६५ पासून चालू असलेल्या सिते अँतरनॅसिओनाल देझार या मोठ्या वास्तूत शेकडो स्टुडिओ आहेत, परंतु तिथे दरमहा शुल्क असते. ते कलावंत भरतो किंवा त्याला पाठवणारी संस्था भरते. बर्लिनच्या क्युन्स्टलरहाउस बेथानियनमध्ये येणाऱ्या परदेशी कलावंतांचा खर्च बहुधा त्यांच्या त्यांच्या देशातील भागीदार संस्था उचलतात. म्हणजे तिथे जायचे तर बर्लिनच्या आधी त्या भागीदाराचे दार ठोठावावे लागते. इटलीतील चिविटेला रानिएरीसारख्या काही ठिकाणी तर अर्जच करता येत नाही. इतरांनी नाव सुचवावे लागते. हे आधी माहीत असेल तर पुष्कळ व्यर्थ खटाटोप वाचतो.

परदेशी वास्तव्याला मोकळा निधी मिळाला तर काय घडू शकते, याची उदाहरणे मुंबईच्या चित्रकलेतच आहेत. वासुदेव गायतोंडे १९६४ मध्ये न्यूयॉर्कला गेले ते रॉकफेलर शिष्यवृत्तीवर. त्यानंतर अकबर पदमसी आणि तय्यब मेहता यांनाही ती मिळाली. या शिष्यवृत्तीमागे जॉन डी. रॉकफेलर तिसरे यांचा निधी होता. आशियातील कलावंतांसाठी असलेले त्याचे काम पुढे एशियन कल्चरल कौन्सिलकडे आले आणि ते आजही चालू आहे. कवी दिलीप चित्रे १९७५ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात गेले, तेव्हाही यजमान संस्था पाठीशी उभी होती. आज रेसिडेन्सींची संख्या खूप वाढली आहे, पण पूर्ण खर्च उचलणाऱ्या त्यांत थोड्या, आणि उरलेल्या खर्चाची जुळवाजुळव कलावंतावर येऊन पडते.

ही जुळवाजुळव करताना भारतीय अर्जदाराला काही जुने आधार आहेत. शॉ वॉलेस कंपनीशी नाव जोडलेल्या चार्ल्स वॉलेस यांच्या मृत्युपत्रातील पैशातून उभा राहिलेला चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट भारतीयांच्या ब्रिटनमधील वास्तव्याला मदत करतो. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन १९७६ पासून तरुण भारतीयांना परदेशी शिक्षणासाठी आणि कलेसाठी साहाय्य देत आले आहे. लंडनच्या गॅसवर्क्स या कलासंस्थेत भारतीय कलावंत गेले, त्यांतील काहींच्या वास्तव्यामागे या दोन संस्थांचा पैसा होता. स्वित्झर्लंडसाठी प्रो हेल्वेशिया या स्विस कला परिषदेचे नवी दिल्ली कार्यालय आहे, तर जर्मनीसंबंधीच्या संधींची चौकशी मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात करता येते. दिल्लीची खोज ही संस्था १९९७ पासून परदेशी कलासंस्थांशी संबंध राखून आहे. प्रत्येकाची वयोमर्यादा, विषय आणि अटी वेगळ्या असतात आणि त्या बदलतात, म्हणून मित्राने तीन वर्षांपूर्वी सांगितलेल्या माहितीवर विसंबू नये.

खरी पंचाईत होते ती तारखांची. निधी देणाऱ्या अनेक संस्था वर्षातून एकदाच अर्ज मागवतात, आणि ती मुदत अनेकदा रेसिडेन्सीचा निकाल लागण्याआधीच संपते. निकालाची वाट पाहत बसणाऱ्याच्या हाती निवडपत्र येते, पण पैसा मागायला दार उघडे नसते. त्यामुळे दोन्ही अर्ज एकाच सुमारास तयार करावेत आणि निधीच्या अर्जात निवड अपेक्षित असल्याचे स्पष्ट लिहावे. निवड झाल्यावर यजमान संस्थेला वास्तव्य पुढच्या हंगामात ढकलता येईल का, हे विचारायला संकोच करू नये. कित्येक संस्था ते मान्य करतात. निधीसाठी वेगळे पत्र मागितले तर तेही देतात. त्या पत्रात संस्था स्वतः काय देते आणि किती रक्कम कमी पडते, हे लिहून घ्यावे. अशा पत्राने निधी देणाऱ्याचा विश्वास बसतो, कारण उरलेला भार कोणावर आहे ते त्याला आकड्यांत दिसते.

अंदाजपत्रक बनवताना विमानाचे तिकीट आणि जेवण एवढेच डोळ्यांपुढे येते. यात सर्वांत जास्त चुकतो तो घरचा हिशेब. कलावंत तीन महिने बाहेर असताना पुण्या-मुंबईतील खोलीचे किंवा स्टुडिओचे भाडे थांबत नाही. शिकवणी, तासिका तत्त्वावरची नोकरी किंवा डिझाइनची कामे मात्र थांबतात. ही बुडणारी मिळकत खर्चाच्या बाजूला धरली पाहिजे. दुसरी गफलत विद्यावेतन कधी मिळते याविषयीची. ते पहिल्या दिवशी हातात पडत नाही. स्थानिक बँक खाते उघडावे लागते, नोंदणी करावी लागते आणि त्यात आठवडे जातात. काही ठिकाणी आधी खर्च करून पावत्या दिल्यावर पैसे परत मिळतात. म्हणून पहिल्या महिन्याचा संपूर्ण खर्च स्वतःजवळ असायला हवा. याशिवाय शहरांतर्गत प्रवास, विमा, व्हिसाचे शुल्क, कच्चा माल, चौकटी, छपाई, शेवटच्या प्रदर्शनाचा खर्च आणि तयार काम परत आणण्याची वाहतूक धरावी लागते. मोठा कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळून आणता येतो. शिल्पाला ती सोय नाही. विनिमय दर वर्षभरात हलतो, तेव्हा रुपयांतील अंदाजात थोडी जादा तरतूद ठेवलेली बरी. निधी देणाऱ्याला फुगवलेला आकडा ओळखता येतो, आणि मुद्दाम कमी दाखवलेलाही. प्रामाणिक अंदाजपत्रकाला अर्जात फार मोठे वजन असते.

अर्जाचा गाभा म्हणजे कामाच्या प्रतिमा. निवड समिती शेकडो अर्ज पाहते आणि प्रत्येकाला सुरुवातीला फार थोडा वेळ देते. दहा प्रतिमा मागितल्या असतील तर दहाच द्याव्यात, त्या एका सलग कामातल्या असाव्यात आणि मापे, माध्यम, वर्ष बिनचूक लिहावे. चमकणाऱ्या काचेतून काढलेला फोटो चांगल्या चित्राचे नुकसान करतो. चांगल्या छायाचित्रकाराला दिलेले पैसे इथे वाया जात नाहीत. प्रस्तावात नेमकी ती जागा का हवी, हे सांगावे लागते. तिथले संग्रहालय, छापखाना, भट्टी, किनारा, एखादा समाज, कोणत्या गोष्टीवाचून हे काम पुढे सरकणार नाही, ते ठोस शब्दांत लिहावे. ‘नव्या संस्कृतीचा अनुभव घेण्यासाठी’ हे वाक्य समितीने असंख्य वेळा वाचलेले असते.

कोल्हापूर, सांगली, नागपूर इथल्या कितीतरी चांगल्या कलावंतांना इंग्रजी अर्जाची धास्ती वाटते. त्यांनी निवेदन आधी मराठीत, स्वतःच्या बोलण्याच्या ओघात लिहावे आणि मग जाणत्या माणसाकडून साध्या इंग्रजीत करून घ्यावे. दुसऱ्याच्या निवेदनातली जड शब्दावली उसनी घेतली की काम एक सांगते आणि मजकूर भलतेच सांगतो. मुलाखतीत हे उघडे पडते, आणि तिथे गुणी कलावंत हकनाक मागे राहतो. शिफारसपत्र देणाऱ्यांना महिनाभर आधी प्रस्तावाची प्रत पाठवावी. आदल्या रात्री फोन करून मिळालेले पत्र कोरडेच असते.

अर्ज न करताच ‘तुमची निवड झाली आहे’ असे ईमेल आले, किंवा काम न पाहताच मोठी रक्कम आगाऊ मागितली, तर सावध व्हावे. पैसे घेणारी प्रत्येक रेसिडेन्सी फसवी नसते. कॅनडातील बॅन्फ सेंटरसारख्या नामांकित ठिकाणीही शुल्क असते आणि त्यासाठी साहाय्यही मिळते. फरक ओळखायचा तर आधी राहून आलेल्या दोघा-तिघांशी थेट बोलावे आणि रेस आर्टिससारख्या जागतिक जाळ्यात ती संस्था आहे का ते पाहावे.

व्हिसाला निवडपत्र पुरेसे नसते. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते. त्याहून लांब वास्तव्याला त्या त्या देशाचा दीर्घ मुदतीचा व्हिसा लागतो आणि त्याला वेळ जास्त जातो. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचे व्यवहार आणि प्राप्तिकर विवरणपत्रे मागितली जातात. मुक्त व्यवसाय करणाऱ्या कलावंताने उत्पन्न करपात्र नसले तरी दरवर्षी विवरणपत्र भरत राहावे. त्याची किंमत व्हिसाच्या खिडकीवर कळते. मानधन मिळणार असेल तर कोणत्या व्हिसावर ते घेता येते, हे यजमान संस्थेकडून लेखी घ्यावे. टर्पेंटाइनसारखी ज्वालाग्राही द्रावणे विमानात चालत नाहीत, म्हणून ती तिथेच विकत घेण्याची तरतूद असावी. परतल्यावर निधी देणाऱ्याला अहवाल आणि हिशेब द्यावा लागतो. त्यासाठी बोर्डिंग पासपासून रंगाच्या दुकानातील पावतीपर्यंत सर्व कागद पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवावेत आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवावा, कारण पावत्यांच्या औष्णिक (थर्मल) कागदावरचा मजकूर काही महिन्यांत उडून जातो.