कादंबरीतला तोफखाना घडवताना

अठराव्या शतकातली एखादी काल्पनिक मराठी फौज कागदावर उभी करताय? मग तोफ नंतर, आधी तिच्याभोवतीची माणसं तयार करा.

काय करावे

• रोजची तालीम बिनदारूची ठेवा. दारू महाग, तोफखान्याचा दरोगा ती हौसेखातर उडवू देणार नाही.

• हरेकाला एकच काम वाटून द्या. एकजण ओल्या कुंच्याने नळी पुसेल, दुसरा दारू नि गोळा आणेल, तिसरा गजाने ठासेल, चौथा तोफेच्या कानात, म्हणजे बत्तीच्या छिद्रात, रंजक भरेल, पाचवा बत्ती देईल.

• कानावरच्या अंगठ्यापाशी रेंगाळा. पुसताना आणि ठासताना कान अंगठ्याने गच्च बंद हवा. हवा खेळली तर आत राहिलेली ठिणगी फुलते नि नवी दारू ठासणाऱ्याच्या तोंडावर पेटते. नवशिका चटका बसतो म्हणून अंगठा उचलतो, ठासणारा त्याच्याकडे वळून बघतो. खरा प्रसंग इथे आहे, रणांगणावर नव्हे.

• बार झाला की तोफ मागे सरते. ती रेटून जागेवर आणणं, पुन्हा नेम धरणं, यातच घाम निघतो.

• पगाराचं बोला. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी माणसांच्या पगाराबाबत हटून बसे. तुमच्या कादंबरीतल्या उस्तादालाही हटून बसू द्या.

• तोफा ओढणारे बैल विसरू नका.

काय टाळावे

• गोळा पडला की आगीचा लोळ! सिनेमाने लावलेली खोड. भरीव लोखंडी गोळा फुटत नाही. टप्पे घेत माणसांची रांग कापत जातो. फुटतो तो कुलपी गोळा, त्याची तऱ्हा निराळी.

• सगळं शहाणपण फिरंग्याच्या पदरात टाकू नका. महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी दी बॉयन या फिरंग्याने उभारल्या, कबूल. पण पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. आणि २३ सप्टेंबर १८०३ ला असईच्या लढाईत शिंद्यांचे गोलंदाज तोफांखाली मेल्याचं सोंग घेऊन पडले. इंग्रजांची रांग पुढे सरकताच उठले आणि त्यांनी तोफा तिच्या पाठीवर वळवल्या. इंग्रज सेनापती वेलस्लीला त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. तुमच्या तालमीच्या प्रकरणातून असे गोलंदाज निघतील का, एवढं तपासा.

• धुराविना तोफखाना दाखवू नका. दोन-चार बार झाले की नेम धरणाऱ्याला समोरचं दिसेनासं होतं.

• नायकाला एकट्याने तोफ भरून डागू देऊ नका, तो कितीही देखणा असला तरी.