कानाच्या मशीनची निगा



चष्म्याची काच फुटली तर साऱ्या वर्गाला दिसते. कानाचे मशीन बंद पडले तर कुणालाच कळत नाही. मशीन कानावर तसेच असते, मूल बाकावर तसेच बसलेले असते, पण गुरुजींचे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. मग आपण म्हणतो, "याचं लक्षच नाही." माझा धाकटा भाऊ तिसरीत आहे. त्याच्या दोन्ही कानांमागे मशीन आहे. रोज सकाळी ते तपासायचे काम माझ्याकडे असते, म्हणून या विषयावर लिहीत आहे.

आमच्या पाड्यात दोन घरी मी पेटीत ठेवलेले मशीन पाहिले. विचारले तर, "बिघडलंय, आता काय करायचं?" उघडून पाहिले तर एकात सेल उलटा बसवला होता आणि दुसऱ्याच्या साच्याचे भोक मळाने बुजले होते. दोन्हीत बिघाड काहीच नव्हता! एक आजीबाई तर दोन वर्षे बिनामशीनच्या बसल्या होत्या.

मशीनचे काम समजले की तपासणी सोपी होते. वर लहान माईक असतो, तो आवाज घेतो. आतला भाग तो मोठा करतो. मग आवाज नळीतून कानातल्या साच्यात जातो. हे सारे सेलवर चालते, म्हणून आधी सेल बघावा. कानामागच्या बऱ्याच मशीनला बटणासारखा चपटा सेल लागतो. त्याच्यावर रंगीत चिकटपट्टी असते. १३ नंबरला नारिंगी, ६७५ नंबरला निळी. हा सेल हवेवर चालतो. पट्टी काढली की बारीक भोकांतून हवा आत जाते आणि सेल जागा होतो. म्हणून पट्टी काढल्यावर एक मिनिट थांबून मग सेल बसवावा. पट्टी आधीच काढून ठेवू नये. एकदा काढली की सेल वापरा वा न वापरा, तो उतरत जातो. अधिकची खूण बरोबर बाजूला आहे ना, तेही पाहावे.

सेल चांगला आहे की नाही हे असे बघा. मशीन चालू करून दोन्ही तळहातांच्या ओंजळीत झाका. बहुतेक मशीन शिट्टी वाजवते. शिट्टी आली म्हणजे जीव आहे. नाही आली तर नवा सेल घालून पुन्हा बघा. काही मशीनवर 'ओ', 'टी', 'एम' असे स्विच असते. 'ओ' म्हणजे बंद, 'टी' टेलिफोनसाठी, 'एम' म्हणजे माईक. खेळताना स्विच 'टी'वर सरकले की मशीन चालू असूनही समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. ही गोष्ट फार जणांना ठाऊक नसते.

कानात घातल्यावर शिट्टी वाजत राहिली तर साचा बोटाने हलके दाबा. शिट्टी थांबली तर साचा सैल आहे. आवाज फटीतून बाहेर येतो आणि परत माईकमध्ये शिरतो, त्याचीच ती शिट्टी. मूल वाढते तसा त्याचा कानही वाढतो, म्हणून लहान मुलांना साचा पुन्हा पुन्हा नवा करावा लागतो. कानात मळ साचला तरी शिट्टी येते. पण मळ काडीने कोरू नका, ते काम डॉक्टरांचे.

साचा मशीनपासून सोडवून कोमट पाण्यात साबणाने धुवावा. मशीनला मात्र पाणी लावायचे नाही! नळीत एक थेंब राहिला तरी आवाज अडतो, म्हणून साचा रात्री धुवून सकाळपर्यंत वाळू द्यावा. हिवाळ्यात आपल्या नंदुरबारला मिरचीच्या पथाऱ्या लागतात. मिरचीचे देठ खुडून आलेल्या हाताने साचा धरला तर मुलाच्या कानाची काय गत होईल, ते सांगायला नको. आधी साबणाने हात धुवावेत.

पावसाळा मशीनचा खरा शत्रू. सातपुड्यात धडगाव-मोलगीकडे दिवसदिवस ओल असते. रात्री सेल काढून, त्याचे झाकण उघडे ठेवून, मशीन घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. औषधाच्या बाटलीत ओल शोषणारी पांढरी पुडी येते, ती डबीत टाकावी. भिजले म्हणून चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये, आतले भाग खराब होतात. तांदळातही पुरू नये, कोंडा भोकात जातो.

एक गोष्ट जिवावरची आहे. बटणसेल लहान मुलांच्या हाती देऊ नका. तो गिळला, किंवा नाकाकानात गेला, तर आतून भाजतो. वाट न बघता लगेच दवाखाना गाठावा.

सगळे ठीक दिसले तरी मूल नीट ऐकते का, ते पाहावेच. कॅनडात बहिऱ्या मुलांना शिकवणारे डॅनियल लिंग यांनी एक सोपी चाचणी दिली आहे. मुलाच्या मागे उभे राहून नेहमीच्या आवाजात आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज एकेक म्हणायचे आणि त्याने ऐकून तसेच म्हणायचे. 'स' ऐकू आला नाही तर 'सात'चे 'आत' होते, मग पाढा कसा यायचा? ज्या दिवशी माझा भाऊ 'स' सोडतो, त्या दिवशी मी आधी सेल बदलते. वर्गात शेजारी बसणाऱ्यालाही हे दोन मिनिटांचे काम जमेल.

एवढे करूनही मशीन मुके राहिले तर स्क्रू खोलू नका. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना विचारा किंवा सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना मशीन, साचा आणि मशीनसोबत मिळालेला कागद बरोबर घ्या. आणि मुलालाही न्या, कारण नव्या साच्याचे माप त्याच्याच कानातून घ्यावे लागते.