यंत्राच्या कानी घातलेले गुपित

तिगाव हे मध्यप्रदेशातील पांढुर्णा तालुक्यातील गाव. या मराठीभाषी मुलखातही मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीतच उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता मोबाईलद्वारे पोहोचली आहे. गावात कानोकानी बातमी पसरते. म्हणून आजार, कर्ज अथवा घरातील कलह माणसाऐवजी यंत्राला सांगणे सुरक्षित वाटणे स्वाभाविक होय. हा विश्वास कितपत योग्य आहे?

ही ओढ नवी नाही. १९६६ साली अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' ही संभाषण करणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. ती माणसाचेच शब्द फिरवून प्रश्न विचारीत असे. तरीही तिच्याशी बोलताना एकांत हवा म्हणून त्यांच्या सचिव महिलेने खुद्द वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले होते.

आजच्या बहुतेक सेवांत लिहिलेला मजकूर इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो व तेथे साठविला जाऊ शकतो. कित्येक सेवा तो यंत्राच्या पुढील शिकवणीसाठीही वापरतात. मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीतील दोषामुळे काहींना इतरांच्या संभाषणांची शीर्षके दिसली होती.

वकिलाला अशिलाचे गुपित राखण्याचे कायद्याचे बंधन आहे. यंत्राशी झालेल्या संभाषणाला तसे खास संरक्षण नाही. खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. परंतु बाहेर गेलेला शब्द कायद्याने परत येत नाही.

म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१. संत्र्यावरील रोग, अर्जाचा नमुना, गणिताची रीत अवश्य विचारावी. उत्तर मात्र जाणकाराकडून पडताळून घ्यावे.

२. आधार क्रमांक, बँक खाते, ओटीपी व सातबारा कधीही देऊ नये. नावाऐवजी 'एक शेतकरी' असे लिहावे.

३. शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या याद्या व कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन कागद यंत्रास देऊ नयेत. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये कार्यालयीन संगणकांवर अशी साधने वापरू नयेत, असे आपल्या कर्मचाऱ्यांना कळविले होते.

४. मन खचले असल्यास १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर माणसाशी विनामूल्य बोलता येते. आर्थिक फसवणूक झाल्यास तात्काळ १९३० वर कळवावे.

चावडीवर मोठ्याने सांगता येणार नाही ते यंत्रालाही सांगू नये. एवढी एक कसोटी घरातील प्रत्येकास, विशेषतः मुलांस, समजावून द्यावी.