पार्करबाईंच्या शहरातून

ह्यूस्टन

प्रिय सई,

पालिकेला उभं राहायचं तर आपल्याला मुलगी आवडते हे आधी सांगावं की निवडून आल्यावर, असं तू विचारलंयस. माझं मत स्पष्ट आहे. आधी सांग, आणि तुझ्याच तोंडाने सांग.

इथल्या ॲनिस पार्करबाईंचं उदाहरण घे. १९८५ मध्ये ह्यूस्टनच्या मतदारांनी समलिंगी पालिका कर्मचाऱ्यांना दिलेलं संरक्षण प्रचंड बहुमताने उडवून लावलं. त्याच्या पुढच्याच वर्षी पार्करबाई समलिंगींच्या इथल्या राजकीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या. मग लपवायला उरलंच काय? नगरपरिषदेला १९९१ मध्ये पडल्या, १९९५ मध्ये पुन्हा पडल्या. १९९७ मध्ये आल्या, त्याही एका वॉर्डातून नव्हे, अख्ख्या शहराच्या मतांवर. २००३ मध्ये कंट्रोलर झाल्या, म्हणजे शहराचा जमाखर्च पाहणारं पद. तिथे सलग तीनदा निवडून आल्या. मला त्यांची हीच वर्षं सर्वांत मोलाची वाटतात. तेल कंपनीत वर्षानुवर्षं नोकरी केलेली ही बाई आकडे वाचते, तिला फसवता येत नाही, हे लोकांच्या मनात तेव्हा पक्कं झालं. २००९ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत त्यांच्या समलिंगी असण्यावरून घरोघरी पत्रकं गेली. पण ही बातमी शहराला जुनी होती. सुमारे ५३ टक्के मतं घेऊन त्या अमेरिकेतल्या चौथ्या मोठ्या शहराच्या महापौर झाल्या. पुढे पावसाळी गटारांसाठी नवं शुल्क लावून लोकांचे शिव्याशाप घेतले, तरीही २०११ आणि २०१३ मध्ये त्याच आल्या.

आता कडू भाग. स्वतःच्या राज्यात मान्यता नव्हती म्हणून २०१४ मध्ये त्यांनी कॅथी हबर्डशी लग्न केलं ते कॅलिफोर्नियात जाऊन, तेवीस वर्षांच्या सहजीवनानंतर. त्याच वर्षी परिषदेने ११ विरुद्ध ६ मतांनी भेदभावविरोधी नियम मंजूर केला. पुढच्या वर्षी सुमारे ६१ टक्के मतदारांनी तो रद्द केला. तीनदा महापौर केलेल्या बाईंचं हे लोकांनी ऐकलं नाही. निवडून आलीस म्हणजे आपल्याला स्वीकारलं, असं समजू नकोस. फार दुखेल.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा जाच २०१८ मध्ये संपला, पण लग्नाचा हक्क २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नाकारला. तुझ्या जोडीदाराला कायद्याचं कवच नाही. तेव्हा प्रचारात तिने समोर यायचं की नाही, हे तिलाच ठरवू दे. तू तिच्या वतीने बोलू नकोस. ताईला, म्हणजे तुझ्या आईला, मात्र तू आजच सांग. बाहेरून कळलं तर ती कोलमडेल. हवं तर मी फोनवर सोबत थांबते.

आणि पालिकेचं अंदाजपत्रक मिळवून तुझ्या वॉर्डाची पानं मला पाठव. गटारांवर गेल्या वर्षी किती रुपये मंजूर झाले आणि किती खर्च झाले, तिथून सुरुवात करू.

तुझी,
मावशी