घराचा अंदाज : आधी पाया, मग फरशी

‘घर पाहावे बांधून’ ही म्हण खर्चाच्या अनुभवातूनच रूढ झाली आहे. खानदेशातील जुनी धाब्याची घरे माती, लाकूड आणि घरच्यांचे श्रम यांवर उभी राहत. आजच्या घरासाठी लागणारी वीट, सिमेंट, सळई, पाइप व तारा यांपैकी जवळजवळ प्रत्येक वस्तू विकत घ्यावी लागते. त्यामुळे पहिली कुदळ मारण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज तयार करणे ही आता गरज झाली आहे.

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीण या योजनेने घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर केले आणि सपाट प्रदेशातील घरासाठी १,२०,००० रुपये साहाय्य ठरविले. अशा साहाय्याला कुटुंबाची बचत, श्रम आणि प्रसंगी कर्ज यांची जोड द्यावी लागते. अंदाज चुकला, तर भिंती उभ्या राहतात आणि छतापूर्वीच पैसा संपतो. पावसाळा तोंडावर असताना अंगणात गंजणाऱ्या सळया पाहण्याची वेळ त्या कुटुंबावर येते.

खर्चाचे तीन रकाने

अंदाजपत्रकाचे तीन रकाने करावेत. जमिनीत, भिंतीत व काँक्रीटमध्ये गाडल्या जाणाऱ्या वस्तू पहिल्या रकान्यात याव्यात : पाया, सळई, पाइप, विजेच्या तारा व अर्थिंग. दुसऱ्या रकान्यात दारे, खिडक्या व गिलावा. तिसऱ्यात फरशी, रंग, नळ, दिवे. काटकसर तिसऱ्या रकान्यापासून सुरू करावी. साधा कोबा करून पाच वर्षांनी फरशी बसविता येते. पाया मात्र पाच वर्षांनी बदलता येत नाही. एकूण अंदाजाच्या दहा टक्के रक्कम भाववाढ व अकल्पित खर्चासाठी बाजूला ठेवावी.

नकाशा एक, अंदाज दोन

तापीकाठच्या रावेर, यावल, चोपडा, शिरपूर या तालुक्यांत खोल मातीचे मोठे पट्टे आहेत, तर साक्रीच्या डोंगराळ भागात अनेक ठिकाणी खडक वरच लागतो. म्हणून एकाच नकाशाच्या दोन घरांचा पायाचा खर्च सारखा येत नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्यावरील भिंतीही तडकतात. काळा थर उथळ असेल, तर तो खणून मुरमापर्यंत जावे. थर खोल असल्यास अभियंत्याचा सल्ला घ्यावा. अशा जमिनीसाठी तळाशी रुंद केलेल्या ‘अंडर-रीम्ड पाइल’ची पद्धत उपलब्ध आहे. जोत्यात खणलेली काळी माती परत न भरता मुरूम भरावा. जागेवर चाचणीचा खड्डा घेतल्याशिवाय पायाचा आकडा लिहू नये.

साहित्याचे गणित

छताचे उदाहरण घेऊ. ३० चौरस मीटर क्षेत्राच्या व साडेअकरा सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबला सुमारे ३.४५ घनमीटर काँक्रीट लागते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग खडी या प्रमाणात घनमीटरला सुमारे आठ पोती सिमेंट, म्हणजे एकूण सुमारे २८ पोती होतात. हा आकडा आधी माहीत असला, की कमी सिमेंट वापरले जात असेल तर ते वेळीच लक्षात येते. पाण्याचेही माप हवे. या मिश्रणात ५० किलोच्या पोत्यास ३० लिटरपेक्षा अधिक पाणी नसावे आणि वाळूतील ओलावाही त्यातच धरावा. काम सोपे व्हावे म्हणून ओतलेले जादा पाणी काँक्रीट कमकुवत करते.

सळईची परीक्षा वजनकाट्यावर होते. १० मिलिमीटर व्यासाची १२ मीटर लांबीची सळई सुमारे ७.४ किलो भरली पाहिजे. वजन बरेच कमी भरल्यास माल परत करावा.

उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान दहा दिवस आणि मिश्र सिमेंट असल्यास चौदा दिवस ओले ठेवणे हितावह असते. वैशाखात, पाण्याची टंचाई असताना, हे कठीण जाते. यासाठी दिवाळीनंतर पाया आणि होळीच्या आत स्लॅब असा क्रम ठेवावा.

जोडसाहित्याचा दर्जा

दुकानात ‘चांगल्या प्रतीचा माल’ असे मोघम मागू नये. मानक क्रमांक अंदाजपत्रकातच लिहावा. पिण्याच्या पाण्याच्या पी.व्ही.सी. पाइपासाठी आय.एस. ४९८५, सांडपाण्याच्या पाइपासाठी आय.एस. १३५९२ मधील ‘बी’ प्रकार, विजेच्या तारेसाठी आय.एस. ६९४ आणि सळईसाठी आय.एस. १७८६ ही मानके आहेत. जळगाव हे पाइप-उत्पादनाचे केंद्र असल्याने पाइप जवळच मिळतात. तरीही शेतातील उरलेला पाइप घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नये. आय.एस.आय. चिन्हासोबत परवाना क्रमांक आहे की नाही, हे पाहून घ्यावे. भारतीय मानक ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर तो पडताळता येतो.

विजेच्या बाबतीत खानदेशात एक विशेष दक्षता हवी. उन्हाळ्यात घरोघरी चालणाऱ्या पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी, लोखंड आणि वीज एकत्र येतात. पत्र्यात वीज उतरली, तर ओल्या हाताचा एक स्पर्श जीवघेणा ठरतो. कूलरसाठी तीन पिनांचे स्वतंत्र सॉकेट, योग्य अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअर गळतीला वीज तोडणारे संरक्षक उपकरण यांचा खर्च पहिल्याच रकान्यात धरावा. शोभेचा एखादा दिवा कमी झाला तरी चालेल.

गावाचे साहाय्य

ठेकेदाराला रक्कम दिवसांच्या हिशेबाने न देता पाया, जोते, लिंटेल, छत अशा टप्प्यांनी, मोजमाप पाहून द्यावी. प्रत्येक टप्पा झाकला जाण्यापूर्वी पंचायत सदस्याने किंवा जाणकार व्यक्तीने तो पाहावा. शिक्षकांना घनफळाचा पाठ गावातील चालू बांधकामावर घेता येईल. ग्रामपंचायतीने स्थानिक दरांचा एक नमुना अंदाज दरवर्षी फलकावर लावल्यास, प्रथमच घर बांधणाऱ्या कुटुंबाला ठेकेदाराशी बोलताना हातात एक आधार राहील.