बोरघाटातील मालमोटार आणि चालकाच्या कामाचे तास

लोहगडवाडीहून गड चढून माथ्यावरून उत्तरेकडे दृष्टी टाकली असता इंद्रायणीच्या खोऱ्यात तीन वाटा जवळजवळ धावताना दिसतात: जुना मुंबई-पुणे रस्ता, लोहमार्ग आणि द्रुतगती महामार्ग. या खोऱ्यातून व्यापाराची ये-जा आजकालची नव्हे. कार्ले व भाजे येथील लेणी ज्या प्राचीन व्यापारी मार्गालगत कोरली गेली, तो मार्ग याच घाटाने कोकणात उतरत असे. इ. स. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये आगगाडी घाट चढली. २००२ मध्ये सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला. बैल गेले आणि मालमोटारी आल्या. वाहनाचा वेग वाढला, ओझे वाढले. मात्र हाकणाऱ्या माणसाची झोपेची गरज तिळभरही कमी झाली नाही. या साध्या गोष्टीचा व्यवहाराशी मेळ कसा घालावा, हा आमच्या आजच्या पाठाचा विषय आहे.

प्रथम ही घाई कोठून उत्पन्न होते ते पाहू. चाकण व तळेगाव येथील कारखान्यांत मोटारी व त्यांचे सुटे भाग तयार होतात. असे कारखाने सुट्या भागांचा मोठा साठा करून ठेवीत नाहीत. लागेल तेव्हा लागेल तेवढा माल दारी यावा, अशी त्यांची योजना असते. यात कोठाराचा खर्च वाचतो. परंतु गाडी दोन तास उशिरा आली, तर पुढचे काम अडते. दुसरीकडे न्हावाशेवा येथे १९८९ मध्ये सुरू झालेले मोठे बंदर आहे. तेथे जहाज सुटण्यापूर्वी ठरलेल्या वेळेच्या आत माल दाखल व्हावा लागतो; वेळ चुकली, तर माल पुढच्या जहाजाची वाट पाहत पडून राहतो. तिसरे असे की, मोठ्या शहरांतील पुष्कळ रस्त्यांवर दिवसाच्या ठराविक तासांत जड वाहनांना मज्जाव असतो, म्हणून चालकाला रात्रीचाच रस्ता धरावा लागतो. अशा रीतीने कारखान्याचे घड्याळ, बंदराचे घड्याळ आणि शहराचे घड्याळ या तिहींच्या कात्रीत एकटा चालक सापडतो. त्याच्या देहाचे घड्याळ मात्र कोणी विचारात घेत नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. श्रमाच्या तासांना सीमा असावी, हा विचार आपल्या प्रांताला नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी अनेक वर्षे खटपट केली आणि १० जून १८९० रोजी त्यांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळवून दिली. मोटारचालकाच्या बाबतीत १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने असे ठरविले की, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती मिळावी, दिवसाला नऊ तासांहून व आठवड्याला चोपन्न तासांहून अधिक वेळ वाहन चालवावयास लावू नये. पुढे १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारण मर्यादा दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास केली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर काही अटींवर दहा व चोपन्न तासांची मुभा ठेविली. आणि एका दिवसाचे काम संपल्यापासून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत सलग नऊ तासांची विश्रांती आवश्यक केली. २०२० मध्ये संसदेने हा व अन्य बारा कायदे एकत्र करून एक संहिता संमत केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली असून दिवसाला आठ तासांची मर्यादा तिच्यातही आहे.

येथे विद्यार्थ्यांनी शब्दांकडे लक्ष द्यावे. १९३९ च्या कायद्याने केवळ चालकास बंधन घातले नाही. जो त्यास अधिक तास वाहन चालवावयास लावतो किंवा चालवू देतो, त्या मालकावर बंधन घातले. म्हणजे तास मोजण्याचे कर्तव्य मुख्यतः काम सांगणाराचे आहे.

मग नियम असूनही थकवा का राहतो? याची कारणे तीन. पहिले असे की, १९६१ च्या कायद्याने कामाचे तास मोजताना मुक्कामावर नुसते थांबून राहण्याचा जो वेळ धरला, तो पंधरा मिनिटांहून कमी असेल तेवढाच. प्रत्यक्षात माल भरण्याच्या रांगेत पाच-सहा तास जातात. त्या वेळी चालक गाडी सोडून जाऊ शकत नाही, धड झोपूही शकत नाही. रांग पुढे सरकली की गाडी पुढे घ्यावी लागते. हिशेबाच्या वहीत हा वेळ विश्रांतीसारखा दिसतो. शरीराच्या वहीत तो जागरण म्हणून लिहिला जातो. दुसरे कारण असे की, तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता; स्वतःची एकच गाडी कर्ज काढून घेणारा व स्वतःच ती हाकणारा मनुष्य त्याच्या कक्षेबाहेर राही. शिवाय पुष्कळांना मोबदला खेपेवर मिळतो. महिन्यात एक खेप कमी झाली, तर घरच्या धान्यात तूट येते. तिसरे कारण असे: देशभर फिरण्याचा परवाना असलेल्या मालमोटारीवर पूर्वी किमान दोन चालक आणि मागे निजण्याची सोय असावी, असा नियम होता, नोव्हेंबर २०१८ मध्ये दोन चालकांची अट काढून टाकण्यात आली.

थकव्याने नेमके काय होते, हे शास्त्राने मोजून दाखविले आहे. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी प्रयोग करून पाहिले. सतरा तास सतत जागा असलेल्या मनुष्याचे हात व डोळे यांचे सहकार्य, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क असलेल्या मनुष्याइतके ढासळते, असे त्यांना आढळले. आपल्या देशात वाहनचालकासाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे ज्याने दारूचा थेंबही घेतलेला नाही, असा सालस मनुष्य केवळ जागरणाने कायद्याच्या मर्यादेपलीकडच्या मद्यप्यासारखा होतो; आणि त्याच्या श्वासाची तपासणी केली, तरी यंत्रात काहीच दिसत नाही. त्यातही मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा काळ सर्वांत घातक. त्या वेळी देह आपोआप निद्रेकडे झुकतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीच्या चालकाची चार सेकंद डुलकी लागली, तर गाडी सुमारे ६७ मीटर अंतर बिनचालकाची जाते. सरळ रस्त्यावर हे भयंकर; खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना तर चार सेकंदांत वळण येऊन ठेपते.

आता एक उदाहरण सोडवू. मुंबईहून बंगळूर सुमारे ९८० किलोमीटर आहे. भरलेली मालमोटार घाट, वस्त्या व टोलनाके धरून सरासरी ताशी ४० किलोमीटर जाते असे माना. नुसत्या चालविण्याचे साडेचोवीस तास झाले. रोज आठ तास चालविल्यास गाडी चौथ्या दिवशी पोहोचेल. रोज दहा तास चालविल्यास तिसऱ्या दिवशी. समजा, व्यापाऱ्याने "छत्तीस तासांत माल पोहोचला पाहिजे" असे लिहून घेतले. छत्तिसांतून साडेचोवीस वजा जाता साडेअकरा तास उरतात. त्यांतच जेवण, स्नान, माल भरणे, नाक्यावरच्या रांगा आणि दोन दिवसांची झोप बसवावयाची! हे गणित कोणत्याही कुशल चालकास सुटणारे नाही, कारण ते मांडतानाच चुकलेले आहे. नवल असे की, माल नेण्यासाठी जे ई-वे बिल लागते, त्याची मुदत २०२१ पासून दर २०० किलोमीटरांस एक दिवस अशी आहे. म्हणजे याच प्रवासाला सरकारी कागद पाच दिवस देतो. यावरून घाई कायद्याची नसून सौद्याची आहे, हे उघड होते.

याच घाटातील आगगाडीकडे पाहा. कर्जत येथे पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना घाट चढण्यासाठी मागून जादा इंजिने जोडतात. त्यास लागणारा वेळ वेळापत्रकात आधीच धरलेला असतो. म्हणून त्या थांब्याला कोणी उशीर म्हणत नाही. युरोपातील राष्ट्रांत मालमोटारीच्या चालकास साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबावे लागते, आणि वाहनातील यंत्र त्याची नोंद ठेवते. अमेरिकेत सलग दहा तास विश्रांती घेतल्यावर अकरा तासच मालमोटार चालविता येते. तेथेही घाई आहे, तक्रारी आहेत. परंतु माल मागणारास विश्रांतीचा वेळ प्रारंभीच हिशेबात धरावा लागतो.

तोपर्यंत सुज्ञ चालक आपल्या परीने मार्ग काढतात. झोपेचे झापड येताच ते सुरक्षित वाहनतळावर गाडी उभी करतात, चहा घेतात आणि लगेच वीस मिनिटे डोळे मिटतात. चहाचा परिणाम होण्यास सुमारे अर्धा तास लागत असल्यामुळे जाग येताना दोहोंचा लाभ मिळतो. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवतात. डिझेल वाचविण्याच्या लोभाने न्यूट्रल करून गाडी सोडली, तर सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वेळी दगा देतात. तंबाखू, मोठ्याने लावलेली गाणी किंवा तोंडावर मारलेले पाणी यांनी क्षणभर हुशारी वाटते. झोपेचे देणे मात्र फिटत नाही. ते झोपूनच फेडावे लागते.

पालकांस आमची विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी कोणी मालमोटारीवर आहे, त्यांनी तो दिवसा घरी निजला असता घरात शांतता राखावी, आणि तो वाटेत असता "कधी पोहोचता?" ऐवजी "झोप झाली का?" असे विचारावे. दुकानदारांनी माल एक दिवस उशिरा आल्यास भाड्यातून दंड कापण्यापूर्वी वर दिलेले गणित एकदा करून पाहावे.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या चाकणच्या कारखान्यात, बंदराच्या कचेरीत किंवा एखाद्या पेढीवर बसाल. तुमच्या हाती लेखणी किंवा संगणक असेल आणि गाडी किती वाजता पोहोचावी तो आकडा तुम्ही भराल. तो आकडा भरण्यापूर्वी अंतर विचारा, घाट विचारा, आणि मधल्या रात्री किती, तेही विचारा. मग त्यात झोपेचे तास मिळवा आणि नंतरच वेळ लिहा. नियम पुस्तकात आहेतच. ते रस्त्यावर खरे ठरणे तुमच्या त्या एका बेरजेवर अवलंबून आहे.