‘फोटो काढण्यास सक्त मनाई’ : कोणाच्या आदेशाने?

यवतमाळ जिल्ह्यातल्या कितीतरी सरकारी कचेऱ्यांत, धरणांच्या भिंतींपाशी, ठाण्यांच्या दारात लाल अक्षरांतली एक पाटी असते : ‘येथे फोटो व चित्रीकरण करण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्यावर कायदेशीर कारवाई करण्यात येईल.’ पाटी नीट वाचली की तिच्यात काय नाही ते दिसतं. आदेशाचा क्रमांक नाही, तारीख नाही, कलम नाही. खाली असलंच तर ‘आदेशावरून’ एवढंच मोघम. तरीही कापसाच्या काट्यावरचं वजन टिपायला निघालेला शेतकरी ती पाटी पाहून मोबाइल खिशात घालतो, आणि कुणी हटकलं की ‘सुरक्षेचा प्रश्न आहे’ या तीन शब्दांपुढे गप्प बसतो. माझं म्हणणं असं की, या भीतीतली बरीचशी भीती फुकटची आहे. थोडी मात्र अगदी खरी आहे. कुठली फुकटची आणि कुठली खरी, हे मोबाइल वर करण्याआधी कळलेलं बरं. नंतर कळलं तर किंमत मोजावी लागते.

ती किंमत किती, हे शेजारच्या वर्ध्यातल्या प्रकरणावरून समजतं. मार्च 2018 मध्ये शेजाऱ्याशी झालेल्या वादाच्या तक्रारीवरून वर्धा पोलीस ठाण्यात गेलेल्या एका माणसाने तिथल्या बोलण्याचं मोबाइलवर चित्रीकरण केलं, म्हणून त्याच्यावर थेट शासकीय गुपिते अधिनियम, 1923 खाली गुन्हा नोंदवला गेला. हा कायदा हेरांसाठी आहे. त्याच्या कलम 3 खाली संरक्षणविषयक बाबींत 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मिनेझिस यांनी, जुलै 2022 मध्ये हा गुन्हा रद्द केला. कारण सरळ होतं : कायद्यात ‘प्रतिबंधित ठिकाणा’ची जी व्याख्या आहे तिच्यात पोलीस ठाणं बसतच नाही. यवतमाळही याच खंडपीठाच्या अधिकारक्षेत्रात येतं, म्हणून हा निकाल आपल्या कामाचा. पण मार्च 2018 ते जुलै 2022 हा काळही ध्यानात घ्या. निकाल बाजूने लागला तरी चार वर्षांहून अधिक काळ हेरगिरीच्या कलमाची टांगती तलवार डोक्यावर होतीच. पुढे 2024 मध्ये पाथर्डीच्या प्रकरणात औरंगाबाद खंडपीठानेही तेच म्हटलं. तिथे पोलिसाशी झालेलं संभाषण ध्वनिमुद्रित केलं होतं. गुपितांचं कलम गळालं, पण गुन्ह्यात लावलेल्या इतर कलमांचा प्रश्न तेवढ्याने मिटला नाही. म्हणजे या निकालांनी ठाण्यात हवं ते चित्रित करण्याचा परवाना दिलेला नाही, एक चुकीचं हत्यार काढून घेतलं आहे, इतकंच.

मग खरी बंदी कुठे? त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव, जिथे लष्कराचं केंद्रीय दारूगोळा भांडार आहे आणि जिथे मे 2016 च्या अखेरीस भीषण आग लागली, ते कायद्याच्या व्याख्येत निःसंशय बसतं. तिथे कुंपणाकडे कॅमेरा रोखणं हा गमतीचा विषय नाही, आणि ‘मी सहज काढत होतो’ हे उत्तर तिथे चालणार नाही. लष्करी तळ, शस्त्रागार, दारूगोळ्याचे कारखाने ही ठिकाणं मुळातच प्रतिबंधित. इतर सरकारी जागा, रेल्वे, पाणी किंवा विजेची कामं यांबाबत मात्र कायदा वेगळी अट घालतो. केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ते ठिकाण प्रतिबंधित जाहीर केलेलं असावं लागतं, आणि त्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत, आपल्याकडे मराठीत, त्या जागी लावलेली असावी लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या इंग्रज सरकारलासुद्धा रयतेला तिच्या भाषेत आधी सांगणं भाग वाटलं होतं! आजची रंगाऱ्याकडून रंगवून घेतलेली पाटी त्या कसोटीला उतरते का, हे ज्याचं त्याने पाहावं.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : हेडलीचं काय? डेव्हिड हेडलीने 26/11 च्या दहशतवादी हल्ल्याआधी मुंबईत येऊन ताजसह अनेक ठिकाणांचं चित्रीकरण केलं, आणि 2016 मध्ये अमेरिकेतून दूरचित्र संवादाद्वारे मुंबईच्या न्यायालयात साक्षही दिली. खरं आहे. पण तो पाट्यांना भिणाऱ्यांपैकी नव्हता. तो पर्यटकासारखा हिंडला, मुंबईत कार्यालय थाटून राजरोस वावरला. अशा माणसाला पकडायचं तर त्याचा प्रवास, पैसा आणि संबंध तपासावे लागतात. तहसीलच्या रांगेतल्या माणसाचा मोबाइल हिसकावून तो सापडत नाही. त्याच हल्ल्याची दुसरी बाजूही विसरू नये. सीएसटी स्थानकात बंदूक घेऊन चाललेल्या कसाबचं जे छायाचित्र जगाने पाहिलं, ते सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तछायाचित्रकाराने टिपलेलं. सार्वजनिक जागेतला तो कॅमेरा पुढे खटल्यात सरकारच्याच बाजूने साक्षीला उभा राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. ठाण्यात अत्याचाराची तक्रार द्यायला आलेली बाई बसलेली असते, अल्पवयीन मूल असतं, खबऱ्या असतो. पीडितेची किंवा मुलाची ओळख उघड करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. रुग्णालयाचंही तसंच. 2017 साली फवारणीतून विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. ते बाहेर येणं गरजेचं होतं, पण म्हणून खाटेवर बेशुद्ध पडलेल्या माणसाचा चेहरा त्याला न विचारता फिरवण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. तेव्हा कॅमेरा आपल्या स्वतःच्या व्यवहारावर ठेवा, दुसऱ्याच्या दुःखावर नको. आणि हो, बूम हातात धरून कचेऱ्यांतून ‘प्रकरण मिटवत’ हिंडणारे तोतये पत्रकारही आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्यासाठी खंडणीचं कलम आहे. त्यांच्यापायी सगळ्या गावाच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचं कारण नाही. शिवाय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह चित्रण करणारे सीसीटीव्ही लावायला सांगितले, आणि 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करणं खुद्द पोलिसांवर बंधनकारक झालं. जिथे न्यायालयालाच कॅमेरा हवा आहे, ती जागा कॅमेऱ्यानेच धोक्यात येते हे म्हणणं टिकत नाही.

आता प्रत्यक्ष प्रसंगात वागायचं कसं? हटकलं तर आधी मोबाइल खाली घ्या. हुज्जत घालू नका, अंगाला हात तर मुळीच लावू नका. मूळ प्रकरण फोटोचं असलं तरी धक्काबुक्की झाली की ते सरकारी कामात अडथळ्याचं होतं, आणि तिथे वर्ध्याचा निकाल उपयोगी पडत नाही. मग शांतपणे विचारा, ‘साहेब, कोणत्या आदेशानुसार?’ ‘डिलीट कर’ म्हटलं तर एवढंच सांगा : यात गुन्हा नसेल तर पुसायचं कशाला, आणि गुन्हा असेल तर हा पुरावा आहे, तो मी पुसणार नाही. मोबाइल घेतलाच तर जप्तीचा पंचनामा मागा. तिथल्या तिथे जिंकायचा हट्ट नको. तारीख, वेळ, अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा टिपून घ्या आणि वकील गाठा. उडत्या कॅमेऱ्याला हे सगळं लागू नाही, ड्रोनसाठी 2021 चे स्वतंत्र नियम आहेत. मतदान केंद्रात तर मोबाइल काढूच नका.

आणि भांडण व्हायची वाट कशाला पाहायची? तुमच्या गावच्या कचेरीत अशी पाटी असेल तर माहितीच्या अधिकारात एक अर्ज करा. विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प : ‘सदर पाटी ज्या आदेशाने व ज्या कलमाखाली लावली, त्या आदेशाची प्रत मिळावी.’ जन माहिती अधिकाऱ्याला तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं.